कान मिळाला, वाचेचे काय?

जन्मतः ऐकू न येणाऱ्या बालकाला शस्त्रक्रियेने कॉक्लियर इम्प्लांट बसविले की शासनाच्या हिशेबात एक लाभार्थी पुरा होतो. केंद्राच्या 'एडिप' योजनेत २०१४ पासून अशा एका बालकामागे ६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली. ती स्वागतार्हच होती. परंतु यंत्र मेंदूकडे केवळ संकेत पोहोचविते. त्याचा अर्थ लावणे मेंदूला शिकावे लागते. आवाज झाल्याचे कळणे, दोन आवाजांतील भेद कळणे, शब्द ओळखणे आणि अखेरीस बोलणे समजणे, ही चढण रोजच्या सरावाने वर्षानुवर्षे चढावी लागते. यंत्र म्हणजे भांडवली गुंतवणूक, सराव म्हणजे आवर्ती खर्च. आणि आवर्ती खर्चाचे आपल्या अर्थसंकल्पांना वावडे आहे.

ही पोकळी भरून काढण्यासाठी आता संगणकाकडे बोट दाखविले जाते. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत निकर्सन व स्टीव्हन्स यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्लार्क शाळेतील कर्णबधिर मुलांना त्यांच्याच उच्चाराचे चित्र पडद्यावर दाखविण्याचा प्रयोग केला. १९८८ मध्ये आयबीएमचा 'स्पीचव्ह्यूअर' आला. मुलाच्या आवाजाबरोबर पडद्यावरील फुगा मोठा होई. यात तथ्य आहे. प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठांवर सारखेच दिसतात. आई 'पाळ' म्हणते, 'बाळ' म्हणते की 'माळ', हे तिच्या चेहऱ्याकडे पाहून मुलाला कळणार नाही. कंठातील कंपन आणि नाकावाटे येणारा ध्वनी पडद्यावर वेगळे दाखविता येतात. शिवाय शंभराव्या वेळी तोच शब्द म्हणवून घेताना संगणक कंटाळत नाही. शिक्षक माणूस असतो, तो कंटाळतो.

मात्र फुगा ओरडूनही फुगतो. ओरडणे म्हणजे भाषा नव्हे, हे मुलाच्या शेजारी बसलेल्या जाणत्या माणसालाच सांगता येते. दुसरी अडचण अधिक खोल आहे. परदेशातून येणारे बहुतेक कार्यक्रम इंग्रजी शब्दांवर रचलेले असतात. त्यांत ळ नाही, ख-घ यांसारखे महाप्राण नाहीत. 'चार' आणि 'चाक' यांतील निराळ्या च चा तर प्रश्नच उद्भवत नाही. घरात जी भाषा बोलली जाते तिचे ध्वनी मुलाला ऐकायला शिकवायचे, तर सरावही तिच्याच शब्दांचा हवा. उच्चार ओळखणारी यंत्रणा ऐकणाऱ्या प्रौढांच्या आवाजावर घडविली असेल, तर कर्णबधिर मुलाचा बरा उच्चारही ती चूक ठरवील, आणि मूल गप्प होईल.

मराठी मुलांच्या आवाजांचा संग्रह करून असा कार्यक्रम घडविणे बाजार करणार नाही; गिऱ्हाईक थोडे आणि गरीब. हे सार्वजनिक क्षेत्राचेच काम आहे, आणि साधने हाताशी आहेत. वांद्र्याची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणदोषाच्या क्षेत्रात आहे, पुण्याचे सी-डॅक १९८८ पासून संगणकाच्या. दोहोंनी मिळून केलेला कार्यक्रम विनामूल्य आणि साध्या फोनवर चालणारा असावा. मुंबई-पुण्याची खेप म्हणजे मजुराचा बुडालेला रोज, हे गणित विसरता येत नाही. वाचा शिकविताना खुणांची भाषा हिरावून घेण्याचा १८८० च्या मिलान परिषदेचा हट्टही पुन्हा नको. काही मुलांची खरी भाषा तीच असणार आहे.

संगणक आला म्हणून वाचा-उपचारकाचे पद रिकामे ठेवण्याचा मोह प्रशासनाला होईल, तो वेळीच रोखला पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ मध्ये पालघरहूनच झाला. त्यातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात श्रवणतज्ज्ञ प्रत्यक्ष बसतो काय, आठवड्यातून किती दिवस, आणि शस्त्रक्रिया झालेली किती मुले वर्षानंतरही तिथे येतात, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यात जाऊन विचारावे. ग्रामपंचायतींनी उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावयाचा असतो. त्यातून मुलाचा आणि आईचा प्रवासखर्च द्यावा, असा ठराव येत्या ग्रामसभेत मांडता येईल.