घरटी पावणेतीनशे रुपये



गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ आली. देखभालीचं सगळं काम एकत्र बघणाऱ्या नव्या कंपनीचा प्रस्ताव. बावीस पानं, सगळी रंगीत, आणि पाचव्या पानावर मोठ्या अक्षरांत 'खर्चात बचत'. मी लालबागला राहते हे तुम्हाला माहीत आहेच. चाळ पाडून टॉवर झाला त्याला आता नऊ वर्षं झाली. बावीस मजले, ११० घरं. बचतीचा तपशील असा: सफाईची माणसं पाचवरून तीन, रात्रीचे वॉचमन दोनवरून एक, त्याच्या जागी कॅमेरे, आणि तक्रारींसाठी मोबाइलवर ॲप. कॅमेऱ्यांचा खर्च वॉचमनच्या पगारात जिरतो, म्हणजे खरी बचत ती सफाईच्या दोन माणसांची, महिना तीस हजार. स्वयंपाकघरातल्या वहीत मी ते ११० ने भागलं. घरटी पावणेतीनशे रुपये आले.

या पावणेतीनशे रुपयांना माझा विरोध आहे, आणि येत्या सभेत मी तो मांडणार आहे.

काटकसरीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. आपल्या घरांत मोजून पाणी वापरायला शिकवलेलं असतं, ताट धुऊन प्यायला शिकवलेलं असतं. काटकसर आपल्याला रंगीत पीडीएफमधून शिकायची गरज नाही. मला आक्षेप आहे तो बचत कुठून काढायची यावर.

सासूबाई लग्न होऊन याच जागेवरच्या चाळीत आल्या. तेव्हा देखभाल म्हणजे बायका, असं त्या म्हणतात. पहाटे चारला नळाला पाणी, मग पिंपं भरणं, गॅलरी आपापल्या दारापुरती झाडणं, जिन्याची पाळी. मालक काही करत नसे, कारण त्याला भाड्यातून काही मिळत नसे. १९४७ च्या कायद्याने जुन्या इमारतींची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली होती. भाडेकरूंना ते हवंच होतं, आम्हालाही. पण तुळया कुजत राहिल्या, गच्च्या गळत राहिल्या. शेवटी १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर उपकर बसवावा लागला. गिरगावापासून परळपर्यंत 'सेसची बिल्डिंग' हा शब्द तिथून आला. एकोणीस हजारांच्या वर इमारती होत्या त्या यादीत. त्यातल्या किती पावसाळ्यांत पडल्या, ते आपण पेपरात वाचत आलोय. मुंबईने सगळ्यात स्वस्त देखभाल करून पाहिलेली आहे, त्यामुळे 'स्वस्त' शब्द दिसला की मी चष्मा लावते.

तरी दुसरी बाजूही खरी आहे. आमच्याकडे जुने भाडेकरू आहेत, गिरणीतून घरी बसलेल्या कुटुंबांतले. घर फुकट मिळालं, पण मेंटेनन्स दर महिन्याला येतो आणि लिफ्टला पेन्शन कळत नाही. काहींनी खोली भाड्याने देऊन बदलापूर गाठलं. त्यांना पावणेतीनशे रुपये कमी झाले तर हवेच आहेत. म्हणून नुसतं 'नको' म्हणून चालणार नाही, बचत दुसरीकडून दाखवावी लागेल. मी तेच केलं. आमचे हे आणि मी, दोन रात्री वही घेऊन इमारतभर फिरलो.

पार्किंगमध्ये ८० ट्यूब आहेत, २० वॅटच्या. चोवीस तास जळतात. दिवसाला ३८ युनिटच्या वर. रात्री दोन वाजता तिथे फक्त आमचे हे, मी आणि एक मांजर होतो. वीस ट्यूब कायम ठेवल्या आणि साठांना हालचाल ओळखणारे सेन्सर लावले, त्या दिवसाला चार तास लागतात असं धरलं, तर १४ युनिटांत काम होतं. महिन्याला ७२० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर ७,२००. तसंच मजल्यांवर. प्रत्येक मजल्यावर सहा दिवे, रात्रभर. तिथे साधारण ५,७०० निघतात. सेन्सर बसवायचा खर्च आहे, पण तो एकदाच.

मग पाणी. इथे माझा जीव अडकतो. एक हजार लिटर पाणी सत्तर मीटर वर चढवायला, पंपाची झीज धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. म्हणजे वरच्या मजल्यावर गळणारा फ्लश नुसतं पाणी नाही, वीजही गळतो. आणि फ्लशची गळती अशी की आवाज नाही, थेंब दिसत नाही. टाकीत चिमूटभर हळद टाका आणि पंधरा मिनिटं कोणाला आत जाऊ देऊ नका. भांड्यात पिवळं उतरलं तर गळतंय. मी आमच्या मजल्यावरच्या पाच घरांत हे केलं. तीन पिवळी. त्यात आमचं एक. उन्हाळ्यात आम्ही महिन्याला दोन टँकर मागवतो, सहा हजारांचे. ते या पिवळ्या पाण्यासाठी मागवतो असं मला आता वाटतं.

(नळाला लावायच्या जाळीवरून, ज्याने धार फुगते आणि पाणी कमी लागतं, माझं प्लंबरशी भांडण झालं. तो म्हणाला, काकू, तुमची गाळण्याची कापडी पिशवी बसणार नाही त्याच्यावर. बसते. नाडी थोडी मोठी शिवा. गाळलेल्यातले जीव मूळ जागी सोडायचे तर मला तानसा-वैतरणेला जावं लागेल, ती अडचण मात्र प्लंबरची नाही.)

प्रस्तावात दर महिन्याची औषध फवारणीही आहे, डास-झुरळांसाठी. आपल्यापैकी अनेकींना हा विषय नकोसा वाटतो आणि म्हणून आपण गप्प बसतो. गप्प बसू नका. १९११ साली डॉक्टर बेंटले यांनी मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहिला. डास होतात ते विहिरी आणि पाण्याच्या टाक्यांत, हे त्यांनी दाखवलं आणि पुढे शहरातल्या कितीतरी विहिरी झाकल्या-बुजवल्या गेल्या. म्हणजे घट्ट झाकणाची टाकी आणि कोरडी गच्ची असेल तर डास जन्मालाच येत नाहीत, मग मारायचे कोणाला? झुरळांचंही तेच. सूर्यास्तानंतर ज्या ओट्यावर अन्न नसतं तिथे ती कमी येतात, हे आपल्याला कोणी सांगायला नको. झाकणाचा खर्च एकदाच होतो, फवारणीचा दर महिन्याला.

सौर पॅनेलचं मी फक्त विचारून ठेवलंय. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. आमच्या गच्चीवर टाक्या आणि लिफ्टची खोली सोडून किती जागा उरते ते मोजायचं आहे.

तर ७,२०० अधिक ५,७०० अधिक ६,०००. अठरा हजार नऊशे. तीस हजार होत नाहीत, खोटं कशाला सांगू. अकरा हजार शंभर कमी पडतात. घरटी शंभरेक रुपये. आणि टँकरचे सहा हजार तर उन्हाळ्यापुरतेच.

हे शंभर रुपये आपण का द्यावेत, ते आता सांगते.

गेल्या चैत्रात तळाची टाकी साफ करायची होती. समितीने तीन दरपत्रकांतलं सगळ्यात कमी घेतलं आणि सगळे खूश झाले. सकाळी मंदिरातून येताना पाहिलं, दोन पोरं झाकण उघडून बसलेली. एक शिडी, एक बादली, एक दोर. मोठा असेल विशीचा, धाकटा त्याहून लहान. कमरेला पट्टा नाही, हवा आत सोडायचा पंखा नाही. मी त्यांच्या मुकादमाला विचारलं, आतली हवा तपासली का? तो हसला. "काकू, पिण्याच्या पाण्याची टाकी आहे, गटार नाही."

त्याच्या आधीच्या वर्षीची, ९ मार्च २०२५ ची नागपाड्याची बातमी माझ्या डोक्यात होती. बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत उतरलेले चार मजूर गुदमरून गेले. तीसुद्धा पाण्याचीच टाकी होती. बंद टाकीत प्राणवायू कमी झालेला असतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो.

मी झाकणाशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसले. पूजेच्या साडीत. म्हटलं, पंखा आणि पट्टा येईपर्यंत कोणी उतरणार नाही. सेक्रेटरींनी फोनवर समजावलं, वहिनी, त्याचे दोन हजार वेगळे लागतील. लागू देत म्हटलं. दुपारी पंखा आला. धाकटा वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत गाळ, आणि त्याने माझ्याकडे असं पाहिलं की ही बाई कोण, हिच्यामुळे आमची अर्ध्या दिवसाची दुसरी टाकी गेली. त्याचं चूक नव्हतं. त्याला टाकीमागे पैसे मिळतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी रोज कापडाने पाणी गाळते, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांसाठी. आणि ते पाणी ज्या टाकीतून येतं तिच्यात वीस वर्षांचा मुलगा दोरावर उतरतो, कारण त्याचं दरपत्रक दोन हजारांनी कमी आहे. गाळणं कुठे कमी पडलं?

स्वाध्यायात आपण अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठ केलेले आहेत. बांधणं, मारणं, अवयव छेदणं हे आपल्या हातून होत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. चौथा आहे अतिभारारोपण, झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. पाठशाळेत त्याचं उदाहरण बैलाचं देतात. लालबागला बैल कुठे राहिलेत? आमच्या मजल्यावर झाडू-पोछा करणाऱ्या मावशींकडे आज सात मजले आहेत. पाचाची तीन माणसं झाली की एक पार्किंग आणि कचऱ्याला जाईल, मावशींकडे अकरा मजले येतील. प्रस्तावात याला कार्यक्षमता म्हटलंय. पाचवा अतिचार अन्नपाण्याला अडवणं. मावशी डबा कुठे खातात, मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं. मीटरच्या खोलीमागे, उलट्या बादलीवर बसून. तळमजल्याचं शौचालय आहे, त्याला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. म्हणून मावशी सकाळपासून पाणी कमी पितात. हे मी विचारल्यावर कळलं. विचारायला नऊ वर्षं लागली.

यंत्राला माझी ना नाही. जिना पुसायचं यंत्र येणार असेल तर ते मावशींच्या हाती द्या, पाठ वाचेल. माणूस काढायचं निमित्त म्हणून आणू नका. आणि रात्रीच्या वॉचमनचं म्हणाल तर गेल्या पावसात नवव्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या तेव्हा एकजण दाराशी त्यांच्याशी बोलत थांबला आणि दुसरा किल्ली आणायला धावला. कॅमेऱ्याने त्याचं चित्रण मात्र छान केलं.

आपल्याकडे मुनींना पाच समित्या सांगितल्या आहेत, चालताना, बोलताना, वस्तू उचलता-ठेवताना जपणाऱ्या. सोसायटीची समिती ही सहावी, आणि तिच्यात कायद्याने दोन जागा बायकांच्या आहेत. आमच्याकडे त्यातली एक रिकामी आहे आणि दुसऱ्या जागेवरच्या वहिनींच्या सह्या त्यांचे मिस्टर करतात. तुमच्याकडे काय आहे ते बघा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि दरवर्षी ती बरोबर आपल्या दशलक्षणात येते. तेच दहा दिवस गणपतीचे, लालबागमध्ये तेव्हा दाराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते. उपवास, मंदिर आणि रांगा यांत सभा उरकते, ठराव मंजूर होतात. यंदा मी सेक्रेटरींना लेखी अर्ज दिलाय की सभा पर्वाच्या आधी घ्या. त्यांनी रविवार धरला, सकाळी साडेदहा.

हिशेबाच्या पानाच्या ४० झेरॉक्स काढल्यात. पिवळ्या पाण्याचा भाग वेगळ्या कागदावर आहे, कारण त्यावर फ्लॅट नंबर आहेत. पहिला नंबर आमचा.