खटला उभा राहील की नाही, हे ठरविणार कोण?

न्याय निकालाच्या दिवशी मिळतो किंवा हुकतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धवट आहे. निकालाच्या कितीतरी आधी एक दिवस येतो आणि त्या दिवशी एवढेच ठरते की, अमुक इसमावर खटला चालवावयाचा की नाही. ‘नाही’ असे ठरले की साक्षीदार उभा राहत नाही, उलटतपासणी होत नाही, न्यायाधीशाला निकाल लिहावा लागत नाही. अन्याय झालेला माणूस अशा वेळी कोर्टात हरत नाही. तो कोर्टापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून वाचकहो, कोणत्याही देशाची न्यायव्यवस्था पारखावयाची असेल, तर हा पहिला निर्णय कोणाच्या हाती आहे, हे प्रथम विचारावे. अमेरिकेतील ग्रँड ज्यूरीचा इतिहास आपण याच दृष्टीने पाहावयास हवा.

या संस्थेचे मूळ इंग्लंडात आहे. ११६६ साली दुसऱ्या हेन्रीने क्लॅरेंडन येथे असा नियम केला की, त्या त्या भागातील माणसांनी शपथेवर संशयित गुन्हेगारांची नावे राजाच्या न्यायाधीशांपुढे सांगावीत. म्हणजे आरंभी ही संस्था राजाचा हात होती. प्रजेची ढाल ती पुढे झाली. १६८१ साली शाफ्ट्सबरीच्या अर्लवर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यास लंडनच्या ग्रँड ज्यूरीने नकार दिला. १७३४ साली न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरावर टीका छापणाऱ्या पीटर झेंगर या मुद्रकाविरुद्ध दोषारोप करण्यास तेथील ग्रँड ज्यूरी तयार झाली नाही. सरकारला निराळ्या वाटेने खटला भरावा लागला. या परंपरेमुळेच अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ च्या पाचव्या दुरुस्तीने असे ठरविले की, गंभीर गुन्ह्याबद्दल संघराज्याच्या न्यायालयात कोणालाही ग्रँड ज्यूरीच्या दोषारोपावाचून उभे करता येणार नाही.

तत्त्व उत्तम आहे. सत्तेने बोट दाखविले म्हणून कोणी आरोपी होऊ नये. आधी सामान्य नागरिकांची खात्री पटावी. परंतु तत्त्वाची किंमत व्यवहारात ठरते. संघराज्याच्या ग्रँड ज्यूरीत १६ ते २३ सभासद असतात आणि दोषारोपास १२ जणांची संमती लागते. काम बंद दाराआड चालते. तेथे न्यायाधीश बसत नाही, आरोपीचा वकील नसतो, साक्षीदाराच्या वकिलालाही आत प्रवेश नाही. पुरावा मांडतो तो सरकारी वकील. कोणता साक्षीदार बोलवावयाचा आणि कोणता नाही, हे बहुधा तोच ठरवितो. दोषारोप नाकारला, तर त्याची कारणे लिहून देण्याचे बंधन ज्यूरीवर नाही. अशा दालनात ढाल कोणाच्या हाती आणि तलवार कोणाच्या, हे आत बसलेल्या माणसांवरून ठरते.

दोन उदाहरणे घ्या. मार्च १९३१ मध्ये अलाबामा राज्यात आगगाडीने प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांवर व तरुणांवर दोन गोऱ्या स्त्रियांवरील बलात्काराचा आरोप आला. काही दिवसांतच स्कॉट्सबरो येथील ग्रँड ज्यूरीने दोषारोप केला आणि एप्रिलमध्ये त्यांपैकी आठ जणांना फाशीची शिक्षा झाली. इतकी त्वरा! पुढे क्लॅरेन्स नॉरिस या आरोपीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयापुढे हे सिद्ध झाले की, त्या परगण्यात कृष्णवर्णीय मनुष्य ज्यूरीत बसल्याचे कोणाच्या स्मरणात नव्हते. १ एप्रिल १९३५ रोजी न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्याच वर्षी नवी ग्रँड ज्यूरी नेमण्यात आली. तीत एक कृष्णवर्णीय सभासद होता. दोषारोप मात्र पुन्हा झालाच, कारण एकट्याच्या मताने निर्णय फिरणार नव्हता. एक खुर्ची देऊन समानतेचा देखावा कसा उभारता येतो, हे येथे स्वच्छ दिसते.

आता दुसरी बाजू पाहा. ऑगस्ट १९५५ मध्ये एमेट टिल हा शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा मिसिसिपीत नातेवाइकांकडे आला असता, दोघा गोऱ्या इसमांनी त्याला रात्री घरातून उचलून नेले व ठार केले. खुनाच्या खटल्यात त्याचे आप्त मोझ राइट यांनी भर कोर्टात उभे राहून आरोपींकडे बोट दाखविले. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने आरोपींना सोडून दिले. पळवून नेल्याचा गुन्हा तेवढा उरला होता, आणि मुलाला घरातून नेल्याचे त्या दोघांनी पोलिस अधिकाऱ्यांपुढे मान्यही केले होते. तरीही नोव्हेंबर १९५५ मध्ये लफ्लोर परगण्याच्या ग्रँड ज्यूरीने दोषारोप नाकारला. जानेवारी १९५६ मध्ये त्याच इसमांनी एका नियतकालिकाला आपण खून कसा केला ते सांगितले. ऑगस्ट २०२२ मध्ये, या प्रकरणी एका स्त्रीवर आरोप ठेवण्यासही त्याच परगण्याच्या ग्रँड ज्यूरीने नकार दिला. दुर्बल आरोपी असला की जे दार काही दिवसांत उघडते, ते दुर्बल फिर्यादी असला की सदुसष्ट वर्षे ठोठावूनही उघडत नाही.

मग ही संस्था मोडूनच का टाकू नये? इंग्लंडने १९३३ साली ती जवळजवळ संपविली. अमेरिकेतही राज्यांना ती बंधनकारक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १८८४ सालीच सांगितले आहे. परंतु माझ्या मते मोडण्याने मूळ प्रश्न सुटत नाही. दाराची किल्ली नागरिकांकडून निघून अधिकाऱ्याकडे जाते, इतकेच. किल्ली कोणाकडेही असो, तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. निर्णय करणारांत सर्व समाजांना खरे स्थान असावे. नकार दिला तर तो सकारण व लेखी असावा. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्या नकाराविरुद्ध बोलता यावे.

ही गोष्ट आपल्या देशाला परकी नाही. कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील सर्वोच्च न्यायालयांत पूर्वी ग्रँड ज्यूरी असे. १८२६ च्या कायद्याने एतद्देशीयांना ज्यूरीत घेतले, पण ग्रँड ज्यूरीत मात्र ख्रिस्ती मनुष्यच बसेल, असे बंधन घातले. राममोहन रॉय यांनी त्यास विरोध केला व १८३२ साली ते बंधन उठले. १८६५ साली ग्रँड ज्यूरीच येथून गेली. आज आपल्याकडे पोलिस तपास करून अहवाल पाठवितात आणि त्यावर खटला चालवावयाचा की नाही, हे मॅजिस्ट्रेट ठरवितो.

येथेच आपले हक्क आपण नीट ओळखले पाहिजेत. पोलिसांनी ‘पुरावा नाही’ असा अहवाल दिला, म्हणजे प्रकरण संपले, असे नव्हे. तो अहवाल मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक नसतो. तो मान्य करून प्रकरण मिटवावयाचे असेल, तर मूळ खबर देणाऱ्यास नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असा दंडक भगवंत सिंग प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली घालून दिला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कार्यपद्धतीचा नवा कायदा अमलात आला, तरी अहवाल पाठविल्याची वर्दी फिर्यादीस देण्याचे पोलिसांचे कर्तव्य कायम आहे. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांच्या प्रकरणांत तर कलम १५-अ ने, २०१६ पासून, पीडितास कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे.

मिसिसिपीतील त्या कुटुंबाला बंद दालनाबाहेर थांबावे लागले. नकाराचे कारण विचारण्याची सोय त्याला नव्हती. आपल्याला ती आहे. म्हणून फिर्यादीची प्रत मागून घ्या व जपून ठेवा. कोर्टाची नोटीस आली तर ती घडी करून कोनाड्यात ठेवू नका; तारखेस हजर राहा आणि हरकत लेखी नोंदवा. मुले शिकत असतील तर त्यांच्याकडून कायद्याची कलमे वाचून घ्या. न वापरलेला हक्क कागदावरच राहतो, आणि कागदावरच्या हक्काला कोणी भीत नाही.