'गूढ' म्हणून तिकीट बंद करू नका

मराठीत डार्क मॅटरचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला 'गूढ' येतं आणि चौथ्याला 'अदृश्य शक्ती'. या भाषेला माझा विरोध आहे. डार्क मॅटर कोणत्या कणांचं बनलंय हे माहीत नाही, मान्य. पण ते कुठे आहे, किती आहे आणि दीर्घिकांशी त्याचं नातं काय, याचा हिशोब बऱ्यापैकी लागलाय. तो न सांगता नुसतं 'गूढ' म्हणणं हा आळस आहे.

विंचूरच्या भाषेत सांगतो. रात्री लांबून गाव म्हणजे दिव्यांचा पुंजका दिसतो. शिवार दिसत नाही, पण गाव जगतं शिवारावर. दीर्घिका म्हणजे ते दिवे, आणि तिच्याभोवतीचा डार्क मॅटरचा 'हेलो' म्हणजे काळोखातलं शिवार. आपल्या आकाशगंगेच्या हेलोचं वस्तुमान सुमारे एक लाख कोटी सूर्यांएवढं आहे. ताऱ्यांचं पाच-सहा हजार कोटी.

आणि शिवार दुप्पट म्हणून दिवे दुप्पट होत नाहीत. छोट्या हेलोत सुपरनोव्हा वायू बाहेर उधळतात. फार मोठ्या हेलोत मधलं कृष्णविवर वायूला थंडच होऊ देत नाही. तारे घडवण्यात सगळ्यात पुढे असतात ते आकाशगंगेच्या आसपासच्या वजनाचे हेलो.

पुरावा हवाय? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. तिच्यावर एनजीसी 3741 ही बुटकी दीर्घिका पाहिली गेली. निष्कर्ष 2005 साली आले. हायड्रोजन वायू ताऱ्यांच्या दिसणाऱ्या पसाऱ्याच्या आठ पटींहून लांब पसरलेला निघाला. तिथेही त्याचा फिरण्याचा वेग घसरत नाही. दिसणाऱ्या द्रव्याचं गुरुत्व त्याला धरून ठेवायला पुरत नाही.

शंका जरूर घ्या, पण मोर्डेहाय मिलग्रॉम यांच्यासारखी. त्यांनी 1983 मध्ये 'डार्क मॅटर नकोच, गतीचा नियम बदलू' म्हणत समीकरण मांडलं. ते तपासता येतं: एकेकट्या दीर्घिकांना छान लागू पडतं, दीर्घिकांच्या गुच्छांत कमी पडतं. 'विज्ञानाला तरी सगळं कुठे कळलंय?' ही शंका नव्हे, पळवाट आहे.

बगचं कारण सापडलं नाही म्हणून आम्ही 'गूढ' लिहून तिकीट बंद करत नाही. काय कळलं, कशावरून कळलं, कुठे अडलं, ते लिहून ठेवतो. निफाड तालुक्यातल्या पोरापोरींना विज्ञान भेटतं ते एक तर सीईटीच्या मार्कांत, नाहीतर चमत्काराच्या रीलमध्ये. खोडद इथून एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे. त्यांना हिशोब दाखवा. थक्क व्हायचं की नाही, ते त्यांचं ती ठरवतील.