मत दिले, सातबारा दिला नाही

निवडणूक आली की कागद घेतलेली मंडळी गावात येतात, मत कोणाला एवढेच विचारतात आणि पुढच्या गावाला जातात. निकाल लागला की निवडून आलेले सांगतात, जनतेने आमच्या सर्व कामांना कौल दिला. लोणावळ्यापासून वडगावपर्यंतच्या शेतकऱ्याने हा हिशेब तपासला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मतदाराचा शास्त्रीय अभ्यास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पुणे विद्यापीठाच्या प्रा. सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला. १९६५ साली त्याचा ग्रंथ झाला. पुढे दिल्लीच्या विकसनशील समाज अध्ययन केंद्राने देशभर पाहण्या केल्या. मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे काढायची आणि नेमक्या त्याच माणसाला घरी गाठायचे, ही त्यांची रीत. तीत पारावरच्या चार पुढाऱ्यांचे मत गावाच्या नावावर खपत नाही. नव्वदच्या दशकातल्या पाहण्यांत गरीब व दलित मतदार मतदानात सुखवस्तूंच्या मागे नाहीत, हेही दिसले. खेडुताला मताची किंमत कळत नाही म्हणणाऱ्यांची तोंडे त्याने बंद व्हायला हवी होती.

पण मत एक आणि प्रश्न शंभर. २००८ च्या पुनर्रचनेत झालेल्या मावळ लोकसभा मतदारसंघात मावळबरोबर पिंपरी, चिंचवड, पनवेल, कर्जत आणि उरण आहेत. पवनेचे पाणी नळाने पिणारा आणि ज्याच्या रानातून ती जलवाहिनी जायची तो, दोघांची मते एकाच बेरजेत पडतात. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला जलवाहिनीविरोधी आंदोलनावर गोळीबार होऊन तीन शेतकरी गेले. त्यानंतर किती निवडणुका झाल्या! त्यांतल्या एकाही निकालातून जलवाहिनीला संमती होती की नव्हती, हे निघत नाही.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पाला ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीला ७० टक्के बाधित कुटुंबांची आधी संमती लागते. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला ही अट नाही. म्हणजे जिथे विचारायला हवे, नेमके तिथेच विचारायचे बंधन नाही!

म्हणून आमचे सांगणे आहे: पाहणीवाला आला तर खरे उत्तर द्या आणि जमिनीचा, पाण्याचा प्रश्नही विचारायला लावा. ग्रामसभेत हात मोजा, बाजूचे किती आणि विरोधातले किती ते ठरावात आकड्यांनी लिहा, सहीशिक्क्याची प्रत आपल्याजवळ ठेवा. आपले मत आपण नोंदवले नाही, तर दुसरा कोणीतरी आपल्या नावाने सोयीचे मत सांगून मोकळा होईल.