देवी कोण, वेडी कोण? : १९२२ ची दोन प्रकरणे (धागा)

१/१३
डहाणूच्या महालक्ष्मीची यात्रा आली की घुमणाऱ्या एखाद्या बाईची चित्रफीत फिरू लागते. तिच्याखाली दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. ‘हा अडाणीपणा, हिस्टेरिया’ ही एक. ‘हे आदिवासींचे प्राचीन मानसशास्त्र’ ही दुसरी. मी घोलवडची, इतिहासाची विद्यार्थिनी. माझ्या मते दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत आणि दोन्हींची किंमत आजारी माणूस मोजतो.

२/१३
प्रथम आपल्याच किनाऱ्याचा इतिहास पाहू. १९२२ च्या आरंभी आजच्या पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावरील कोळी वस्त्यांत रोगाच्या देवीला शांत करण्याचे विधी चालू होते. मराठीत त्या रोगाचे नावच ‘देवी’. विधीत काहींच्या अंगात देवी येई आणि त्यांच्या तोंडून ती आज्ञा देई.

३/१३
आज्ञा साध्या होत्या : दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, रोज स्नान करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा. हे वारे उत्तरेकडे सरकत दक्षिण गुजरातच्या आदिवासी गावांत पोहोचले. ९ नोव्हेंबर १९२२ रोजी सुरत जिल्ह्यातील खानपूरजवळ सुमारे दोन हजार आदिवासी ‘सलाबाई’ या देवीच्या आज्ञा ऐकण्यास जमले होते.

४/१३
तिथे आज्ञांत भर पडली : दारूविक्रेत्या पारशांकडे कामाला जाऊ नका. याचे मूळ १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यात आहे. त्या कायद्याने घरची दारू गाळणे गुन्हा ठरले, ताडीच्या झाडावर कर बसला आणि विक्री मक्तेदारांच्या हाती गेली. गुत्त्यावरची उधारी पुढे अनेकांची जमीन गिळून बसली.

५/१३
म्हणजे देवी ज्यांच्या तोंडून बोलत होती, त्यांना आपल्या दुःखाचे कारण नेमके ठाऊक होते. पुढे याच आज्ञांत गांधीजींचे नाव आणि खादीही आली. डेव्हिड हार्डिमन यांचा १९८७ चा ग्रंथ याच चळवळीवर आहे. या हजारो लोकांना ‘हिस्टेरिया झाला होता’ असे म्हणणाऱ्याने अबकारी कायद्याचे काय करायचे तेही सांगावे.

६/१३
आता त्याच वर्षीची दक्षिण आफ्रिका. नोन्तेथा न्क्वेन्क्वे ही खोसा समाजातील विधवा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ती आजारी पडली, तिला स्वप्नदृष्टान्त झाले आणि ती उपदेश करू लागली : दारू सोडा, एक व्हा. रोगाची साथ, दैवी आज्ञा, दारूबंदी. सलाबाईच्या कथेशी असलेले साम्य उघड आहे.

७/१३
शेवट मात्र वेगळा झाला. १९२१ मध्ये बुल्होक येथे पोलिसांनी एका धर्मपंथाच्या दीडशेहून अधिक लोकांना गोळ्या घातल्या होत्या. सरकार धास्तावलेले होते. १९२२ मध्ये नोन्तेथाला अटक करून फोर्ट ब्यूफोर्टच्या वेड्यांच्या इस्पितळात टाकले. १९२४ मध्ये तिला दूर प्रिटोरियाला हलवले. तिला भेटायला अनुयायी शेकडो मैल पायी चालत गेले.

८/१३
१९३५ मध्ये ती तिथेच वारली आणि बेवारस पुरली गेली. तिच्या अस्थी गावी परतल्या त्या १९९८ मध्ये. ती आजारी होती की नव्हती, हे सरकारच्या लेखी दुय्यम होते. लोक तिच्याभोवती जमत होते, हीच अडचण होती. ‘वेडी’ हा शब्द इथे निदानापेक्षा बंदोबस्तासाठी वापरला गेला.

९/१३
म्हणून पहिल्या गटाला सांगणे असे : प्रत्येक घुमणे हा रोग नव्हे. खुद्द झुलू-खोसा समाज यात भेद करतो. पूर्वजांची हाक येऊन माणूस सांगोमा होण्याच्या वाटेला लागतो, ते ‘उकुथ्वासा’; दुष्ट शक्तीने झपाटले, तर ‘अमाफुफुन्याना’. आपल्याकडेही ‘वारे येणे’ वेगळे आणि ‘भूतबाधा’ वेगळी.

१०/१३
२०२२ पासून लागू झालेले जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरणही हेच म्हणते. समाजमान्य धार्मिक विधीचा भाग असलेले अंगात येणे रोगात मोजले जात नाही. ते अनिच्छेने ओढवते, विधीबाहेर येत राहते आणि जगणे अशक्य करते, तेव्हाच तो विकार. भेद इतका स्पष्ट असताना सरसकट हसणे हा विवेकवाद नव्हे.

११/१३
आणि दुसऱ्या गटाला : सलाबाईचे नाव घेऊन प्रत्येक भगताला मानसोपचारतज्ज्ञ ठरवू नका. सुपातले तांदूळ पाहून दोष सांगणारा भगत कधी रुग्णाला धीर देतो. आणि कधी त्याच तांदळांतून एखाद्या एकट्या विधवेला ‘भुताळी’ ठरवतो. तिला झालेली मारहाणही त्याच परंपरेचा इतिहास आहे. तो वगळून ‘प्राचीन ज्ञान’ म्हणणे ही लबाडी आहे.

१२/१३
डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली; त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, साखळीने बांधणे आज गुन्हा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही रुग्णाला साखळदंड घालण्यास मनाई केली. त्याच कायद्यानुसार, केवळ धर्मश्रद्धा वेगळी म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. दोन्ही अर्धे एकत्र वाचावेत.

१३/१३
तलासरीच्या पाड्यावरची एखादी मुलगी महिनोन्‌महिने झोपत नसेल, तिला आवाज ऐकू येत असतील, तर तिला देवी म्हणून पूजणे आणि अडाणी म्हणून हसणे, दोन्ही सारखेच निरुपयोगी. १९०१ मध्ये उभे राहिलेले ठाण्याचे मनोरुग्णालय आमच्यापासून सुमारे शंभर किलोमीटर दूर. भगत शेजारच्या पाड्यावर. कुटुंब आधी कुठे जाईल, हे श्रद्धेइतकेच या अंतरावर ठरते. तेव्हा पुढची चित्रफीत पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा : ही बाई विधी संपल्यावर हसत घरी जाते का? जात असेल, तर तिला तिच्या देवीसोबत राहू द्या. जात नसेल, तर तिला डॉक्टरकडे न्या आणि तिची चित्रफीत काढू नका.