घोकणे वेगळे, आठवणे वेगळे

परीक्षेचे दिवस जवळ आले की मध्यमवर्गीय मराठी घरातील वातावरण पालटते. दूरचित्रवाणी संच मुका होतो, पाहुण्यांचे येणे लांबणीवर पडते आणि मुलगा किती तास ‘बसला’ यावरून अभ्यासाचे मोजमाप होते. एकच धडा चार-पाच वेळा वाचला जातो, उत्तरपत्रिकेत उतरतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुसलाही जातो. नव्या इयत्तेत शिक्षकाला मागील वर्षापासूनच प्रारंभ करावा लागतो. वर्षभराच्या श्रमांचे आणि शिकवणीच्या शुल्काचे हेच फळ मानायचे काय?

या अपयशाचे खापर पाठांतरावर फोडण्याची रीत रूढ झाली आहे. वस्तुतः दोष पाठांतराचा नाही. आठवण्याचा सराव न करता केलेल्या वाचनाचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकलेल्याचा मोठा भाग पहिल्याच दिवसात निसटतो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो आणि एकाच बैठकीतील घोकण्यापेक्षा अनेक दिवसांत विभागलेली उजळणी अधिक फलदायी ठरते, असे त्याला आढळले.

अमेरिकेतील हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांचा २००६ सालचा प्रयोग तर प्रत्येक पालकाने ध्यानी घ्यावा असा आहे. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा चार सत्रांत पुनःपुन्हा वाचला. दुसऱ्याने तो एका सत्रात वाचून पुढील तीन सत्रांत न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४० टक्के आठवले, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आदल्या रात्रीच्या वाचनाने वाटणारा आत्मविश्वास किती फसवा असतो, हे यातून उमगते.

हे मर्म आपल्या परंपरेला अपरिचित नव्हते. वेदपाठाच्या क्रम, जटा, घन या पद्धती पाहाव्यात. घनपाठात शब्द १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ अशा क्रमाने म्हटले जातात. पाठकाला केवळ लयीच्या ओघावर विसंबता येत नाही. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे स्मरावा लागतो. युनेस्कोने २००३ साली या मौखिक परंपरेचा मानवतेचा वारसा म्हणून गौरव केला. मात्र नुसत्या अभिमानाने भागणार नाही. अर्थ न जाणता वेद पाठ करणाऱ्याला भार वाहणाऱ्या खांबाची उपमा यास्काच्या निरुक्तातच आहे. आधी समजणे, मग स्मरणात मुरविणे, हा क्रम आपल्याच पूर्वसूरींनी सांगितला आहे.

घराघरांतील सायंकाळचा परवचा हे त्याचेच सोपे रूप होते. पाढे, पावकी, निमकी रोज थोडी, पुस्तकाविना आणि मोठ्याने. परवचा गेला, त्याची जागा कशानेही भरून निघाली नाही.

ती भरून काढणे अवघड नाही. शाळेत शिकलेले त्याच सायंकाळी पुस्तक मिटून सांगावे. दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने पुन्हा आठवावे. अडले तरच पुस्तक उघडावे. धाकट्या भावंडाला समजावून सांगावे, म्हणजे आपले न समजलेले आपोआप उघडे पडते. झोपेला कात्री लावू नये, कारण दिवसभराचे शिकणे मेंदूत स्थिरावते ते झोपेतच.

यास पैसा लागत नाही. म्हणूनच वस्त्यांमधून अभ्यासिका चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही पद्धत आवर्जून अंगीकारावी. ज्यांचे पालक महागड्या शिकवण्यांचा भार पेलू शकत नाहीत, त्या मुलांना तिची सर्वाधिक गरज आहे. आणि घरोघरच्या आई-वडिलांनी ‘किती तास बसलास?’ हा प्रश्न सोडून ‘आज काय आठवते, सांग पाहू’ असे विचारण्यास आरंभ करावा. एवढ्या एका प्रश्नाने अभ्यासाची दिशा पालटेल.