दोन घडीसाठी किती घड्याळं?

आपल्या बालाघाटात एक नवी हौस आली आहे, आणि ती बायकांची नाही म्हणून तिच्यावर कोणी बोलत नाही. टायटॅनियमची घड्याळं! लग्नात, दुकानाच्या गादीवर, अगदी स्थानकाबाहेर चपला घालतानाही एकच चर्चा: ग्रँड सेकोचं ‘स्नोफ्लेक’ घ्यावं की ओमेगाचं सीमास्टर? की थोडं थांबून रोलेक्सचं यॉट-मास्टर, जे २०२३ साली टायटॅनियममध्ये आलं? भाव लाखांत.

साडी-दागिन्यांवर आम्हाला दर चातुर्मासात ऐकावं लागतं. घड्याळावर कधी ऐकलंत?

त्यांचं म्हणणं आधी नीट ऐकू. हा धातू पोलादाहून ४० टक्क्यांहून जास्त हलका. घामाने गंजत नाही, निकेलने खाज सुटणाऱ्यालाही सोसतो. पट्टा धातूचा, चामड्याचा नाही, म्हणजे हिंसा नाही. आणि सोनं नाही, तर परिग्रह कसला? यातलं हलकेपण खरं, खाजेचंही खरं. पण ते पहिल्या घड्याळाला लागू. चौथ्याला कसं लागू होईल? घालणार तर एकाच मनगटावर ना!

आणि हिंसा नाही म्हणता? टायटॅनियम काही दुर्मीळ नाही. पृथ्वीच्या कवचात विपुलतेत त्याचा नववा क्रमांक. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही तो आहे. महाग पडतं ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणं: क्लोरीन, मॅग्नेशियम आणि ८०० अंशांच्या वरची भट्टी. खाणीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. भरवेलीत मँगनीजसाठी माणसं जमिनीखाली उतरतात, मलाजखंडात तांब्यासाठी डोंगर पोखरला. पृथ्वीकायाचे जीव मानणारे आपण. धातूला अहिंसेचं सर्टिफिकेट कसं देता?

बरं, वेळेसाठी म्हणावं, तर स्विस क्रोनोमीटरला दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे चालण्याची सूट असते. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याभरात १५-२० सेकंद चुकतं. म्हणजे हजार रुपयांचं घड्याळ लाखाच्या घड्याळापेक्षा वेळ बरोबर सांगतं. आणि आपल्याला वेळ लागते कशाला? नवकारसीला सूर्योदयानंतरची ४८ मिनिटं, चौविहाराला सूर्यास्त, सामायिकाला दोन घडी. ती दोन घडी माझ्या सासूबाई वाळूच्या घडीवर मोजत. त्यांचं सामायिक कधी मिनिटभरही कमी झालं नाही.

आता उलट प्रश्न येणारच, “मग तुमच्या कपाटातल्या साड्या?” बरोबर आहे, मी तो टाळणार नाही. उमास्वातींनी परिग्रह वस्तूत नाही, मूर्च्छेत सांगितला. रात्री बारा वाजता मोबाईलवर दोन डायलांची तुलना करत जागणं ही मूर्च्छा, आणि एकदाही न नेसलेल्या पैठणीवर दुसरी आणणं हीसुद्धा मूर्च्छाच. पण आमची मोजली जाते, त्यांची ‘शौक’ म्हणून सुटते. माझं भांडण या दुहेरी मापाशी आहे.

म्हणून बायांनो, या पर्युषणात परिग्रह-परिमाणाची वही उघडाल तेव्हा साड्यांचा आकडा आपल्या हाताने लिहा. खालची ओळ घड्याळांची. ती वही त्यांच्यापुढे सरकवा. म्हणतील, “एवढं मोजायचं कशाला?” तर सांगा, सेकंद मोजायला लाखो रुपये घालता, मग घड्याळं मोजायला संकोच कसला?